मुले शाळेत गैरवर्तन का करतात? कारणे, परिणाम आणि उपाय



"सर, हा मला चिमटे काढतोय." "बाई, हिने माझी पेन्सिल लपवली." "गुरुजी, तो पुन्हा बाकावर चढला." प्राथमिक शाळेत दिवसातून अशा किती तक्रारी येतात, हे मोजायला बसलो तर हजेरीचे पान अपुरे पडेल. त्यातल्या बहुतेक तक्रारी मधली सुट्टी होईपर्यंत विसरल्या जातात. पण काही मुलांच्या बाबतीत तसे होत नाही. रोज तेच नाव, रोज तीच तक्रार. मग स्टाफरूममध्ये त्या मुलाला एक बिरूद चिकटतं: "तो ना, वांडच आहे." आणि एकदा बिरूद चिकटलं की आपण कारण शोधणं थांबवतो.

आजच्या लेखात आपण तीन गोष्टी पाहू. मुले गैरवर्तन का करतात, त्याचे परिणाम कोणाकोणाला भोगावे लागतात आणि छडी न उचलता शिस्त कशी लावता येते.

गैरवर्तन म्हणजे नेमके काय?

सगळ्याच खोड्या म्हणजे गैरवर्तन नव्हे. आधी त्यांची प्रतवारी करायला हवी.

१. वयाची खोडी: पहिलीतलं मूल दहा मिनिटांच्या वर एका जागी बसत नाही. चुळबुळ करतं, शेजाऱ्याशी बोलतं, खडू खिशात घालतं. हे वयच तसं आहे. याला गैरवर्तन म्हणू नये.

२. वर्गात अडथळा: मुद्दाम आवाज करणे, दुसऱ्याला लिहू न देणे, सांगितलेले न ऐकणे, गृहपाठ कायमच न करणे, दांडी मारणे.

३. दुसऱ्याला इजा: मारामारी, शिवीगाळ, जातीवरून, रंगावरून किंवा अपंगत्वावरून चिडवणे, चोरी, वस्तूंची मोडतोड.

४. गंभीर प्रकार: हत्यार बाळगणे, व्यसन, टोळी करून मारहाण, लैंगिक त्रास.

पहिल्या प्रकाराला तिसऱ्या प्रकारची शिक्षा केली तर मूल बिथरतं. आणि तिसऱ्या प्रकाराकडे "पोरं आहेत, चालायचंच" म्हणून पाहिलं, तर त्यातूनच कधीतरी चौथा प्रकार जन्माला येतो.

हे सांगण्याचं कारण आपल्या जिल्ह्यातच आहे. २०२५ मध्ये इगतपुरी तालुक्यातील घोटी येथे एका शाळेने मुलांची दप्तरे तपासली, तेव्हा त्यात चाकू, सायकलची चेन, पत्ते अशा वस्तू सापडल्या. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये नाशिक शहरातील सातपूर भागात एका खासगी क्लासमध्ये बाकावर बसण्यावरून मुलांमध्ये वाद झाला. त्यातून मारहाण झाली आणि दहावीत शिकणाऱ्या एका मुलाचा जीव गेला. वाद कशावरून? बाकावरच्या जागेवरून! आपल्या वर्गात हा वाद रोज होतो. म्हणून हा विषय केवळ "वर्ग शांत कसा ठेवावा" एवढाच नाही. राग आला तर काय करायचं, हे मुलाला पहिली-दुसरीतच शिकवायचं की नाही, असा हा प्रश्न आहे.

मुले अशी का वागतात?

डी.एड.ला असताना आपण सगळ्यांनीच बालमानसशास्त्र पाठ केलं. पेपर झाला आणि पुस्तक माळ्यावर गेलं. पण त्यातल्या काही गोष्टी रोज उपयोगी पडणाऱ्या आहेत.

१) पोट, झोप, डोळे आणि कान

सर्वात आधी शरीर पाहावं. सकाळी चहा-बिस्किट किंवा नुसता चहा घेऊन आलेलं मूल दहा वाजेनंतर चिडचिड करू लागतं. खिचडी पोटात गेली की तेच मूल शांत होतं. अनेक शिक्षकांनी हा फरक पाहिला असेल. शालेय पोषण आहाराचं महत्त्व हजेरीपुरतं नाही, वर्तनापुरतंही आहे.

झोपेचंही तसंच. रात्री उशिरापर्यंत मोबाईल आणि टीव्ही, सकाळी लवकर शाळा. यामुळे मुलांची झोप पूर्ण होत नाही, हे लक्षात घेऊन महाराष्ट्र शासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये पूर्व प्राथमिक ते चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी ९ किंवा त्यानंतर भरवण्याचा निर्णय काढला.

मागच्या बाकावरचा मुलगा सारखा शेजाऱ्याच्या वहीत डोकावतो. आपण म्हणतो, "कॉपी करतोय." त्याला फळा दिसतच नसेल तर? हाक मारली तरी न वळणारी मुलगी उद्धट आहे, की तिला एका कानाने कमी ऐकू येतं? राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं आरोग्य पथक शाळेत येतं, तेव्हा सह्या घेण्यापुरतं न थांबता अशी दोन-चार नावं आपण आधीच काढून ठेवावीत. सतत अस्थिर राहणारी, कितीही शिकवलं तरी अक्षरे उलटी लिहिणारी मुले मुद्दाम तसं करत नाहीत. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात एकूण २१ प्रकारच्या अक्षमता मोजल्या आहेत. त्यात विशिष्ट अध्ययन अक्षमताही आहे. अशा मुलाला गरज असते ती तपासणीची आणि विशेष शिक्षकाच्या मदतीची. बोलणी खाऊन अक्षर सुधारत नाही.

२) समजत नाही म्हणून दंगा

हे कारण सर्वात जास्त आढळतं आणि सर्वात कमी ओळखलं जातं. चौथीतल्या ज्या मुलाला अजून जोडाक्षरे वाचता येत नाहीत, त्याच्यापुढे रोज दोनच वाटा असतात. उठून वाचताना अडखळायचं आणि सगळ्यांकडून हसून घ्यायचं. नाहीतर आधीच काहीतरी दंगा करून वर्गाबाहेर जायचं. "ढ" म्हणवून घेण्यापेक्षा "वांड" म्हणवून घेणं मुलाला परवडतं. वांड मुलाला वर्गात थोडा तरी मान असतो, ढ मुलाला तो नसतो.

मार्च २०२० नंतर शाळा दीर्घकाळ बंद राहिल्या. त्या काळात पहिली-दुसरीत असलेली कित्येक मुले वाचनाचा पाया न होताच वरच्या वर्गात गेली. नंतर त्यांच्या वागण्याबद्दल तक्रारी वाढल्या, यात नवल नाही.

३) भाषेचे अंतर

आपला नाशिक जिल्हा भाषेने एकसारखा नाही. मालेगाव, बागलाण, देवळा, कळवण भागात घराघरांत अहिराणी आहे. सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वरच्या पाड्यांवर कोकणा, वारली, महादेव कोळी, भिल्ल समाजाच्या बोली आहेत. अनेक बोलींमध्ये मोठ्या माणसालाही "तू" म्हणणं सहज असतं. अशा घरातलं मूल "गुरुजी, तू कवा आला?" असं प्रेमाने विचारतं आणि नव्याने बदलून आलेल्या शिक्षकाला तो अपमान वाटतो. अहिराणीत "मना" म्हणजे "माझा". मूल "मना पेन" म्हणालं आणि वर्ग हसला, की ते मूल पुढे बोलायचंच बंद करतं, नाहीतर हसणाऱ्याला मारतं. दोन्ही वेळा शेरा मात्र त्याच्याच नावावर पडतो.

४) घर आणि पोट भरण्याची धावपळ

दिवाळीनंतर अनेक कुटुंबं ऊसतोडीला, वीटभट्टीला निघून जातात. सुरगाणा-पेठ भागातली कुटुंबं दिंडोरी-निफाडकडे द्राक्षबागांच्या कामाला उतरतात. मुलं कधी सोबत जातात, कधी आजीजवळ राहतात. दोन-तीन महिन्यांनी परत येतात तेव्हा वर्ग बराच पुढे गेलेला असतो, बाकावरची जागा दुसऱ्याने घेतलेली असते. मूल परकं होतं, मग भांडखोर होतं.

शहरात चित्र वेगळं पण गोष्ट तीच. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत वडिलांची पाळी, आई घरकामाला किंवा पॅकिंगला. मूल शाळेतून आल्यावर तीन-चार तास एकटं. त्या वेळेत मोबाईल हाच पालक. काही घरांत दारू, भांडण, मारहाण. जे मूल घरी रोज पाहतं की "ज्याचा हात वर, त्याचं खरं", ते शाळेत येऊन दुसरं काय करणार?

५) "माझ्याकडे बघा ना!"

रुडॉल्फ ड्रायकर्स (१८९७-१९७२) हे व्हिएन्नात जन्मलेले आणि पुढे अमेरिकेत शिकागोला काम केलेले मानसोपचारतज्ज्ञ. त्यांनी मुलांच्या गैरवर्तनामागे चार हेतू सांगितले: लक्ष वेधून घेणे, सत्ता दाखवणे, सूड घेणे आणि हार मानून अंग काढून घेणे. यांतला कोणता हेतू आहे हे ओळखण्याची त्यांनी सांगितलेली खूण फार व्यवहारी आहे. मूल वागलं की शिक्षकाला स्वतःला काय वाटतं ते तपासायचं.

- नुसती कटकट वाटली, तर मुलाला लक्ष हवं आहे.
- "याला आता दाखवतोच" असं वाटलं, तर सत्तेची ओढाताण सुरू आहे.
- मनाला लागलं, दुखावलं गेलं, तर मूल कशाचा तरी सूड उगवतंय.
- "याचं काहीच होणार नाही" असं वाटू लागलं, तर मुलानेही स्वतःबद्दल तेच ठरवलेलं आहे.

चौथा प्रकार सर्वात घातक. कारण हे मूल त्रास देत नाही, मागे गप्प बसून राहतं. आपलं त्याच्याकडे लक्षच जात नाही आणि एक दिवस ते शाळा सोडतं.

६) शाळेची स्वतःची कारणे

सगळा दोष मुलाच्या आणि घराच्या माथी मारून चालणार नाही. एका शिक्षकाकडे दोन-तीन वर्ग, ऑनलाईन माहिती भरण्याची घाई, सर्वेक्षणं, प्रशिक्षणं. शिक्षण हक्क कायद्यात प्राथमिकला ३० मुलांमागे एक शिक्षक असं प्रमाण आहे. पण शिक्षक लॅपटॉपसमोर आणि वर्ग मॉनिटरच्या ताब्यात असेल, तर दंगा होणारच. पत्र्याच्या खोलीत एप्रिलचं ऊन, खेळायला मैदान नाही, तीन तास फक्त फळ्यावरचं उतरवून घेणं. अशा वेळी मोठी माणसंसुद्धा चुळबुळ करतील. आपल्या शिक्षण परिषदेत मागच्या रांगेत काय चालतं ते आठवून पाहा!

शिक्षा केल्याने नेमके काय होते?

थॉर्नडाइकचा परिणामाचा नियम आपण शिकलो आहोत. ज्या कृतीनंतर समाधान मिळतं ती कृती पुन्हा केली जाते. हा नियम आपल्या नेहमीच्या शिक्षांना लावून पाहू.

गणिताच्या तासाला दंगा करणाऱ्याला आपण वर्गाबाहेर उभं करतो. त्याला गणित नकोच होतं. म्हणजे शिक्षा म्हणून आपण त्याला बक्षीसच दिलं! तो उद्या पुन्हा दंगा करील.

लक्ष हवं असणाऱ्या मुलाला आपण सगळ्यांसमोर पाच मिनिटं रागावतो. चाळीस जोडी डोळे त्याच्याकडे. त्याला हवं ते मिळालं.

"शंभर वेळा लिहून आण" म्हटलं की लेखन म्हणजे शिक्षा हे मुलाच्या मनात पक्कं होतं. मग आपणच म्हणतो, मुलांना लिहायचा कंटाळा.

कोंबडा करणे, अंगठे धरायला लावणे, उठाबशा, पट्टीचा मार. यांनी वर्ग शांत होतो, हे खरं. पण किती वेळ? शिक्षक दाराबाहेर जाईपर्यंत. मुलाने शिकलेला धडा "हे वागणं चूक आहे" असा नसतो, "सापडायचं नाही" असा असतो.

एकाच्या चुकीसाठी सगळ्या वर्गाला शिक्षा, हा आणखी एक प्रकार. लोकमान्य टिळकांच्या शाळेतील शेंगांच्या टरफलांची गोष्ट आपण दरवर्षी १ ऑगस्टला मुलांकडून भाषणात म्हणून घेतो. न केलेल्या चुकीची शिक्षा बाल टिळकांनी नाकारली, याला टाळ्या वाजवतो. आणि दुसऱ्या दिवशी "नाव सांगत नाही ना कोणी, मग सगळे उभे राहा" असं म्हणतो. मुलांना ही विसंगती बरोबर कळते.

इथे कुणी म्हणेल, "पूर्वी मार खाऊनच पोरं घडली. श्यामच्या आईनेसुद्धा श्यामला मारलं होतंच की." साने गुरुजींनी 'श्यामची आई' १९३३ च्या फेब्रुवारीत आपल्या नाशिकच्याच तुरुंगात लिहिली. त्यात पोहायला न जाता लपून बसलेल्या श्यामला आई मारते, हे खरं आहे. पण त्याच प्रसंगात नंतर आई त्याला जवळ घेते, आपण असं का वागलो हे समजावते. आणि ती आई आहे. तिच्या प्रेमाबद्दल श्यामला कधीच शंका नव्हती. चाळीस मुलांच्या वर्गात, ओळख होऊन दोन महिने झालेल्या शिक्षकाला तो आधार घेता येणार नाही.

कायदा काय सांगतो?

शिक्षण हक्क कायदा २००९ हा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. प्रत्येक शिक्षकाने त्यातली ही कलमं लक्षात ठेवावीत.

- कलम १६: प्राथमिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतून काढून टाकता येत नाही. म्हणजे "दाखला घेऊन जा" अशी धमकी पहिली ते आठवीच्या मुलाला देताच येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा घेऊन, पुन्हा संधी देऊनही अनुत्तीर्ण झाल्यास त्याच वर्गात ठेवण्याची मुभा राज्यांना मिळाली. महाराष्ट्राने ती २०२३ मध्ये स्वीकारली. पण ती अभ्यासासाठी आहे, वर्तनाची शिक्षा म्हणून नाही.
- कलम १७: मुलाला शारीरिक शिक्षा किंवा मानसिक त्रास देण्यास मनाई. उल्लंघन केल्यास सेवा नियमांप्रमाणे शिस्तभंगाची कारवाई. इथे "मानसिक त्रास" हे शब्द महत्त्वाचे. हात न लावता केलेला अपमानही यात येतो.
- बाल न्याय अधिनियम २०१५, कलम ७५: ज्याच्या ताब्यात मूल आहे त्याने मुलाला मारहाण किंवा क्रूर वागणूक दिल्यास तो फौजदारी गुन्हा ठरू शकतो.

आणि मुलाच्या हातून गंभीर गोष्ट घडली तर? सात वर्षांखालील मुलाचं कोणतंही कृत्य गुन्हा मानलं जात नाही. सात ते बारा वयात त्याची समज किती हे पाहिलं जातं. अठरा वर्षांखालील मुलाचं प्रकरण बाल न्याय मंडळापुढे चालतं. तिथे समुपदेशन, पालकांकडून हमी, समाजसेवा यांपासून जास्तीत जास्त तीन वर्षे विशेष गृहात ठेवण्यापर्यंत आदेश होऊ शकतात. सोळा ते अठरा वयातील अतिगंभीर गुन्ह्यात मात्र प्रौढाप्रमाणे खटला चालू शकतो. सहावी-सातवीच्या मुलांना हे साध्या भाषेत एकदा सांगावं. भीती घालायला नको, माहिती म्हणून सांगावं.

गैरवर्तनाचे परिणाम कोणाला भोगावे लागतात?

मुलाला: तास बुडतात, अभ्यास मागे पडतो, मागे पडला म्हणून आणखी दंगा. हे चक्र सुरू होतं. चांगली मुलं दूर जातात, मग त्याच्यासारखीच दोन-तीन मुलं जवळ येतात. पुढे गैरहजेरी, आणि आठवी-नववीत शाळा सुटते. मुलगा कामाला लागतो, मुलीच्या लग्नाची बोलणी सुरू होतात.

वर्गाला: पस्तीस मिनिटांच्या तासिकेतली दहा मिनिटं जर शांत करण्यात गेली, तर उरली पंचवीस. सगळ्यात जास्त नुकसान होतं ते कधीच तक्रार न करणाऱ्या, मधल्या बाकावरच्या मुलांचं. ज्याला रोज चिडवलं जातं त्याचं तर शाळेवरून मनच उडतं. तो पोटदुखीचं कारण सांगून घरी राहतो.

शिक्षकाला: घसा बसतो, डोकं दुखतं, घरी जाऊन स्वतःच्या मुलांवर राग निघतो. "हात लावायचा नाही, नापास करायचं नाही, मग करायचं तरी काय?" ही शिक्षकांची तक्रार खोटी नाही. तिचं उत्तर द्यायलाच हवं. ते पुढे पाहू.

पालकांना: सारखं शाळेत बोलावणं, रोज बुडणं, चारचौघांत मान खाली घालणं. मग घरी गेल्यावर मुलाला मार. आणि तो मार दुसऱ्या दिवशी शाळेत दुसऱ्या कुणाच्या तरी पाठीत बसतो.

ज्यांनी आधीच करून दाखवलं

गिजुभाई बधेकांचं 'दिवास्वप्न' हे छोटं पुस्तक प्रत्येक शिक्षकाने वाचावं. त्यातले शिक्षक लक्ष्मीराम चौथीच्या वर्गावर मोठ्या योजना घेऊन जातात. पहिल्या दिवशी मुलांना शांततेचा खेळ शिकवायला जातात आणि वर्गात नुसता गोंधळ होतो. शेवटी ते मुलांना सुट्टी देऊन टाकतात. दुसऱ्या दिवशी ते छडीऐवजी गोष्ट घेऊन येतात. मग तोच वर्ग कान देऊन बसतो. वर्ग बदलला नव्हता, त्याला दिलेलं काम बदललं होतं.

गिजुभाईंबरोबर काम केलेल्या ताराबाई मोडक पुढे १९४५ मध्ये बोर्डीला आल्या. नंतर अनुताई वाघांसह त्यांनी कोसबाडच्या टेकडीवर वारली मुलांसाठी काम केलं. मुलं शाळेत येत नव्हती. "आळशी आहेत, पळून जातात" असं म्हणून त्या थांबल्या नाहीत. बालवाडीच पाड्यावर, मुलांच्या अंगणात नेली. तीच अंगणवाडी. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणातच शाळा भरवली. दांडी मारण्याचं कारणच काढून टाकलं.

आणि साने गुरुजी. १९२४ ते १९३० या काळात ते अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक होते आणि तिथल्या छात्रालयाची जबाबदारीही त्यांच्याकडे होती. मुलं खोल्या अस्ताव्यस्त टाकून शाळेत जात. गुरुजी रागावले नाहीत. ते स्वतः खोल्या झाडत, अंथरुणं घड्या करून ठेवत. मुलांना लाज वाटली आणि ती आपणहून कामं करू लागली. ही भाबडी गोष्ट नाही. मुलं आपलं ऐकतात त्यापेक्षा जास्त आपल्याला पाहतात, हे त्यातलं तत्त्व आहे.

शिक्षा आणि परिणाम: फरक समजून घ्या

वर ज्या ड्रायकर्सचा उल्लेख केला, त्यांचंच म्हणणं असं की मुलाला त्याच्या कृतीचा तर्काला धरून येणारा परिणाम अनुभवू द्यावा. शिक्षेचा चुकीशी संबंध नसतो, परिणामाचा असतो.

- बाकावर कोरलं: शिक्षा म्हणजे पट्टी. परिणाम म्हणजे मधल्या सुट्टीत पॉलिश पेपरने तो बाक घासून साफ करणे.
- दुसऱ्याची वही फाडली: शिक्षा म्हणजे कोंबडा. परिणाम म्हणजे ती पाने नीट उतरवून देणे.
- खेळात मारलं: शिक्षा म्हणजे उठाबशा. परिणाम म्हणजे आजच्या खेळात पंच किंवा गुण लिहिणारा म्हणून बसणे, उद्या पुन्हा खेळायला येणे.
- खिचडी सांडली: शिक्षा म्हणजे ओरडा. परिणाम म्हणजे फडकं आणून पुसणे.

परिणाम देताना तीन अटी पाळाव्यात. त्याचा चुकीशी संबंध असावा, तो मुलाला झेपेल असा असावा आणि मुलाचा अपमान न करता दिला जावा. संडास साफ करायला लावणं हा "परिणाम" नव्हे. आणि एकदा परिणाम भोगला की विषय संपला. मागचं उकरून काढू नये.

वर्गात काय करता येईल?

१. नियम मुलांकडून घ्या. जूनमध्ये पहिल्या आठवड्यातच मुलांना विचारून चार-पाच नियम ठरवा. "गोंगाट करू नये" असं न लिहिता "एकाने बोलताना बाकीचे ऐकतील" असं लिहा.

२. आधीच सावध राहा. जेकब कौनिन या अमेरिकी संशोधकाने वर्गांचं निरीक्षण करून १९७० मध्ये पुस्तक लिहिलं. त्याला आढळलं की गैरवर्तन झाल्यावर शिक्षक कसा रागावतो याने फारसा फरक पडत नाही. चांगल्या शिक्षकांचं वेगळेपण आधीच दिसतं. त्यांची नजर सगळ्या वर्गावर असते आणि मुलं रिकामी राहत नाहीत. एक काम संपून दुसरं सुरू होण्याच्या मधल्या वेळातच दंगा होतो. तो वेळ भरा.

३. दोन मिनिटे द्या. जास्त त्रास देणाऱ्या मुलाशी रोज दोन मिनिटं अभ्यास सोडून बोला. शेळी व्याली का, बहीण कशी आहे, क्रिकेटमध्ये काय झालं. ज्याला चांगल्या मार्गाने लक्ष मिळतं, त्याला वाईट मार्ग धरावा लागत नाही.

४. नोंद ठेवा. एका वहीत पंधरा दिवस तीन रकाने करा: आधी काय घडलं, मुलाने काय केलं, नंतर काय झालं. समजा, एक मुलगा रोज मारामारी करतो. नोंदीत दिसलं की मारामारी नेहमी भाषेच्या तासाला, प्रकट वाचन सुरू होण्याआधी होते. म्हणजे त्रास वाचनाचा आहे. त्याला आदल्या दिवशी चार ओळी सांगून ठेवा, "उद्या हे तू वाचायचं." मारामारीचं औषध वाचनात सापडेल.

५. एकांतात बोला. "काय झालं? त्याला कसं वाटलं असेल? आता नीट कसं करशील?" हे तीन प्रश्न पुरतात. सगळ्यांसमोर मूल स्वतःचा बचाव करतं, एकट्यात खरं बोलतं.

६. राग शिकवा. परिपाठात आठवड्यातून एकदा "मला राग आला तेव्हा..." यावर बोलू द्या. दहा आकडे मोजणं, पाणी पिऊन येणं, शिक्षकांना सांगणं हे अभिनयातून करून घ्या.

७. बोलीला मान द्या. मुलाच्या बोलीतले दहा शब्द शिकून घ्या. फळ्यावर दोन्ही शब्द लिहा. हसणं आपोआप बंद होईल.

८. एकट्याने ओढू नका. दुसऱ्या-तिसऱ्या प्रकारचं वर्तन महिनाभरात कमी झालं नाही तर मुख्याध्यापक, पालक, शाळा व्यवस्थापन समिती, समुपदेशक यांना सोबत घ्या. चौथ्या प्रकारात तर पहिल्याच दिवशी. मूल घरी किंवा बाहेर संकटात आहे असं वाटलं तर १०९८ हा चाईल्ड हेल्पलाईनचा क्रमांक आहे.

पालकांसाठी दोन शब्द

ताई-दादांनो, शाळेतून बोलावणं आलं तर लगेच मुलाला मारू नका आणि लगेच शिक्षकाशी भांडूही नका. आधी दोघांचं ऐका. "सर, याला चांगला बदडा, आमची परवानगी आहे" असं म्हणू नका. तशी परवानगी तुम्हाला देता येत नाही आणि आम्हाला घेता येत नाही. त्यापेक्षा घरी काय चाललंय ते सांगा. बाळ आजारी आहे, काम सुटलंय, आजी वारली, हे कळलं तर आम्ही मुलाकडे वेगळ्या नजरेने पाहू. रात्री मोबाईल बाजूला, वेळेवर झोप आणि रोज दहा मिनिटं "आज शाळेत काय मजा झाली?" एवढं केलं तरी पुष्कळ आहे. कामाला गाव सोडणार असाल तर आधी सांगा. शाळेकडून शिक्षण हमी कार्ड घ्या, म्हणजे जिथे जाल तिथल्या शाळेत मुलाला बसता येईल.

थोडक्यात

गैरवर्तन हा ताप आहे. ताप हा आजार नसून आजाराची खूण असते. तापाला मारून तो उतरत नाही, कारण शोधावं लागतं. कारण शोधायचं म्हणजे चुकीकडे डोळेझाक करायची असं नाही. फाडलेली वही भरून द्यायचीच, दुखावलेल्या मित्राची माफी मागायचीच. पण हे सगळं करताना "तू वाईट आहेस" हा निरोप मुलापर्यंत जाता कामा नये. "तू आमचाच आहेस, हे वागणं मात्र चालणार नाही" एवढा निरोप जावा.

येत्या सोमवारी वर्गात गेल्यावर एक करून पाहा. ज्याचं नाव आपण दिवसातून सर्वात जास्त वेळा रागाने घेतो, त्याचं नाव एकदा कौतुकाने घ्या. फळा पुसला म्हणून, वेळेवर आला म्हणून, काहीही चालेल. आणि मग त्याच्या चेहऱ्याकडे बघा.